भूपट्टांची टक्कर आणि खानदेशची भूमि

आपल्या जुन्या कोशांतून पृथ्वीला जीं अनेक नांवें दिलेलीं आहेत, त्यांत 'अचला' आणि 'स्थिरा' अशीं दोन नांवें आढळतात. मनुष्याच्या आयुष्याच्या मापानें पाहिलें तर हीं नांवें यथार्थ वाटतात. आजोबांनीं ज्या बांधावर उभें राहून सातपुडा पाहिला, त्याच बांधावरून नातूही तोच सातपुडा पाहतो. डोंगराचें टोक तसूभर सरकलेलें त्याला दिसत नाहीं. परंतु माप बदललें म्हणजे उत्तरही बदलतें. वर्षांऐवजीं लाखांनीं आणि कोटींनीं काळ मोजूं लागलें कीं ही अचला चालूं लागते, तिचे तुकडे एकमेकांवर आदळतात, सागर आटतात आणि त्यांच्या तळाचा चिखल पर्वतांच्या शिखरांवर जाऊन बसतो. ही घडामोड कशी होते आणि आपल्या धुळें-जळगांवकडील भूमीशीं तिचा काय संबंध आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक साधा प्रश्न घेऊं. शाळेंत भूगोलाच्या तासाला दख्खनच्या पठाराचा नकाशा भिंतीवर टांगला, म्हणजे मुलांना सांगतात कीं हें पठार पश्चिमेस उंच असून पूर्वेकडे उतरत गेलें आहे, म्हणून गोदावरी, भीमा आणि कृष्णा या नद्या पूर्वेकडे वाहतात. इतक्यांत एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "मग तापी पश्चिमेकडे कां जाते?" प्रश्न मोठा मार्मिक आहे. मध्य प्रदेशांत मुलताईपाशीं उगम पावणारी तापी सुमारें 724 किलोमीटर पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेपलीकडे समुद्रास मिळते. तिच्या उत्तरेची नर्मदाही तशीच. याहून नवलाची गोष्ट गिरणा आणि पांझरा यांची. या दोन्ही नद्या सह्याद्रीवरून निघून इतर बहिणींप्रमाणें प्रथम पूर्वेचीच वाट धरतात. परंतु थोडें अंतर चालून गेल्यावर, कोणी मागून हांक मारावी तशा त्या उत्तरेकडे वळतात आणि तापीच्या पोटांत शिरतात. तेव्हां तापीचें खोरें म्हणजे केवळ पाण्यानें कोरलेली चर नव्हे. तेथें भूमीच मुळांत खचलेली असली पाहिजे. ती कां खचली, याचें उत्तर खानदेशच्या सीमेच्या आंत मिळत नाहीं; त्यासाठीं पृथ्वीच्या पोटांत उतरावें लागतें आणि हिमालयापर्यंत जाऊन परत यावें लागतें.

पृथ्वीच्या पृष्ठापासून मध्यापर्यंतचें अंतर सुमारें 6,370 किलोमीटर आहे. त्या मानानें आपण ज्यावर राहतों तें कवच अगदीं पातळ. खंडांच्या खालीं तें साधारणपणें 35 ते 40 किलोमीटर जाड असतें, तर महासागरांच्या तळाशीं अवघें सात किलोमीटरांच्या आसपास. या कवचाखालीं प्रावरण नांवाचा अति जाड थर आहे. प्रावरण म्हणजे उकळत्या रसाचा समुद्र, अशी अनेकांची समजूत असते. पण ती बरोबर नाहीं. प्रावरण बहुतांशीं घन खडकाचेंच आहे. मात्र तेथील प्रचंड उष्णतेमुळें आणि दाबामुळें तो खडक अत्यंत मंद गतीनें वाहतो. घन वस्तु वाहते कशी, हें समजण्यास डांबराचा गोळा पाहावा. हातोड्याचा घाव घातला तर त्याच्या ठिकऱ्या उडतात. पण तोच गोळा उन्हाळ्यांत कोपऱ्यांत ठेवून दिला तर कांहीं दिवसांनीं आपल्याच भारानें पसरून चपटा होतो. घाईनें विचारलें तर तो दगडासारखा वागतो, सवडीनें विचारलें तर काकवीसारखा. प्रावरणाचेंही तसेंच आहे, आणि त्याच्यापाशीं सवड कोट्यवधि वर्षांची आहे.

कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा कठीण भाग मिळून साधारण शंभर किलोमीटर जाडीचें एक टरफल होतें. हें टरफल अखंड नाहीं. त्याचे सात मोठे आणि अनेक लहान तुकडे झालेले आहेत. या तुकड्यांस भूपट्ट म्हणतात. भूपट्ट आणि खंड हे एकच नव्हेत. हिंदुस्थानच्या भूपट्टावर आपला देश आहे, तसाच हिंदी महासागराचा मोठा भागही आहे. मंद आंचेवर दूध ठेवलें म्हणजे साय जशी खालच्या हालचालीबरोबर सरकते, एके ठिकाणीं फाटते आणि दुसऱ्या ठिकाणीं सुरकुतते, तसे हे भूपट्ट सरकत असतात. त्यांची गति वर्षाला कांहीं सेंटिमीटर इतकीच असते. परंतु गणित करून पाहावें. वर्षास पांच सेंटिमीटर, म्हणजे एका लाख वर्षांत पांच किलोमीटर आणि एका कोटि वर्षांत पांचशें किलोमीटर. पृथ्वीचें वय साडेचारशें कोटि वर्षांहून अधिक आहे. या हिशेबानें पाहिलें तर भूमीनें किती प्रवास केला असेल!

ही कल्पना विद्वानांनीं सहजासहजीं मान्य केली नाहीं. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञानें ती 1912 सालीं मांडली आणि 1915 सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत नेमके बसतात, ही गोष्ट नकाशा पाहणाऱ्या कोणाच्याही ध्यानांत येते. वेगेनरनें त्यापुढें जाऊन दाखविलें कीं दोन्ही किनाऱ्यांवरील खडक आणि जीवाश्मही जुळतात. ग्लॉसोप्टेरिस नांवाच्या एका प्राचीन वनस्पतीचे ठसे हिंदुस्थान, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका या सर्व ठिकाणीं सांपडतात. आपल्या विदर्भांत कामठी आणि चंद्रपूरकडे ज्या कोळशाच्या खाणी आहेत, तो कोळसा याच वनस्पतियुगांतला. या दक्षिणेकडील खंडांचा जो एके काळीं एकच भूखंड होता, त्यास शास्त्रज्ञांनीं गोंडांच्या मुलखावरून 'गोंडवन' हें नांव दिलें, आणि आज तें जगांतील प्रत्येक भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आढळतें. वेगेनरला मात्र खंड कोणत्या शक्तीनें सरकतात हें समाधानकारक रीतीनें सांगतां आलें नाहीं. विद्वानांनीं त्याची थट्टा केली, आणि 1930 सालीं ग्रीनलंडच्या बर्फांत त्याचा अंत झाला. पुढें महासागरांच्या तळांची पाहणी झाली. समुद्राच्या मध्यभागीं लांबच लांब पर्वतरांगा आहेत, तेथें तळ फाटतो, खालून नवा खडक वर येतो आणि दोन्ही बाजूंस सरकत जातो, असें आढळून आलें. आणि 1960 नंतरच्या दशकांत भूपट्टांचा सिद्धान्त सर्वमान्य झाला.

एके ठिकाणीं भूमि नवी होत असेल, तर दुसरीकडे ती मोडली पाहिजे. नाहीं तर पृथ्वी फुगत गेली असती. ही मोडतोड जेथें होते, तेथेंच भूपट्टांच्या टकरा होतात. त्या तीन प्रकारच्या असतात. सागराचा तळ खंडाला भिडला, तर तो जड असल्यामुळें खंडाच्या खालीं शिरतो. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस असें घडतें आणि त्यांतून अँडीज पर्वत व त्यावरील ज्वालामुखी निर्माण झाले आहेत. दोन सागरतळ एकमेकांना भिडले, तर त्यांपैकीं एक खालीं जातो आणि वर बेटांची माळ उमटते. आपल्याकडील अंदमान-निकोबार हें त्याचें उदाहरण. तेथील बॅरन बेटावर हिंदुस्थानांतील एकमेव जागृत ज्वालामुखी आहे, आणि 26 डिसेंबर 2004 रोजीं सुमात्रा ते अंदमान या पट्ट्यांतच भूमीनें उसळी घेतल्यामुळें तामिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत सुनामीनें हाहाकार केला. तिसरा प्रकार खंडावर खंड आदळण्याचा. दोन्ही खंड हलके. खोल बुडावयास कोणीच तयार नाहीं. अशा वेळीं भूमीला वर उठण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. हिमालय हें या तिसऱ्या प्रकाराचें जगांतील सर्वांत भव्य उदाहरण होय.

गोंडवनापासून सुटलेला हिंदुस्थान उत्तरेकडे निघाला, तेव्हां त्याच्या आणि आशियाच्या मध्यें टेथिस नांवाचा समुद्र होता. प्रवासाच्या एका टप्प्यांत आपल्या भूपट्टाचा वेग वर्षाला 15 सेंटिमीटरांच्याही वर गेला होता. भूपट्टांच्या जगांत ही दौडच म्हणावी लागेल. सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वीं हिंदुस्थान आशियावर आदळला आणि वेग मंदावला, पण प्रवास थांबला नाहीं. आजही हा भूपट्ट वर्षाला चार-पांच सेंटिमीटर उत्तर-ईशान्येकडे रेटा देतच आहे. टेथिस समुद्र मध्यें चिरडून नाहींसा झाला. त्याच्या तळावरचा गाळ घड्या पडून वर उचलला गेला. एव्हरेस्टचें शिखर आज 8,848.86 मीटर उंच आहे आणि त्याच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रांत तयार झालेला आहे. याची साक्ष काढण्यासाठीं हिमालयावर चढण्याचीही गरज नाहीं. आपल्या देवघरांतला शाळिग्राम नेपाळांतील गंडकी नदीच्या पात्रांतून येतो. त्याच्या पोटांत जें चक्र दिसतें, तें अमोनाइट नांवाच्या सागरी प्राण्याच्या शंखाचें अश्मीभूत रूप आहे. म्हणजे लुप्त झालेल्या टेथिस समुद्राचा एक कण आपल्याकडील कित्येक घरांत रोज स्नान आणि तुळशीपत्र स्वीकारीत असतो. श्रद्धावंतांनीं त्यांत विष्णु पाहावा, जिज्ञासूनें त्यांत समुद्र पाहावा. दोघांनींही नमस्कार करावा, असाच तो दगड आहे.

आतां हिमालयाहून खानदेशांत परत येऊं. एवढी मोठी टक्कर उत्तरेस झाली, तर तिचा धक्का देशाच्या मध्यभागापर्यंत पोंचणार नाहीं काय? भिंतीला मेज रेटून धरलें, म्हणजे दाब फक्त भिंतीशीं लागलेल्या कडेवर राहत नाहीं; तो सबंध मेजांत पसरतो, आणि फळींत कोठें जुना सांधा असेल तर तो आधीं कुरकुरतो. हिंदुस्थानच्या फळींतला असा एक जुना सांधा नर्मदा, सातपुडा आणि तापी यांच्या पट्ट्याखालीं आहे. खानदेशच्या भूमीचा इतिहास हा मुख्यतः या सांध्याचा इतिहास आहे, आणि त्याचे तीन अध्याय आहेत.

पहिला अध्याय सांधा जुळल्याचा. शंभर कोटि वर्षांहूनही पूर्वीं आजचा हिंदुस्थान एकसंध नव्हता. बुंदेलखंडाकडील उत्तरेचा एक प्राचीन भूखंड आणि दक्षिणेकडील दुसरे भूखंड एकमेकांवर आदळून जोडले गेले, आणि त्यांची शिवण मध्य हिंदुस्थानांतून पूर्व-पश्चिम पडली. तेथेंही तेव्हां पर्वत उभे राहिले असतील; पण ते कधींच झिजून गेले. म्हणजे भूपट्टांची टक्कर ही गोष्ट खानदेशास परकी नाहीं. त्याचा पायाच टकरीच्या जागेवर घातला गेलेला आहे.

दुसरा अध्याय ताणाचा आणि अग्नीचा. गोंडवन फुटूं लागलें तेव्हां भूमि ताणली गेली, आणि ताणलेलें वस्त्र जसें शिवणीपाशीं उसवतें, तसा हा जुना सांधा उसवला. त्या ठिकाणीं लांबट खळगे पडले आणि त्यांत गाळ सांचला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें मध्य प्रदेशांतील सेंधव्याकडून जळगांव जिल्ह्यांतील सिंदाडपर्यंत जमिनींत स्फोट करून त्यांच्या कंपनांवरून भूगर्भाची जी पाहणी केली, तींत काळ्या खडकाच्या खालीं दडलेला हा जुना गाळखडक आढळून आला. पुढें सुमारें 6 कोटि 60 लाख वर्षांपूर्वीं आपला भूपट्ट विषुववृत्ताच्या दक्षिणेस, हिंदी महासागरांतील आजच्या रियुनियन बेटाच्या परिसरावरून जात असतां पृथ्वीच्या पोटांतून लाव्ह्याचा महापूर वर आला. हा लाव्हा शंकूच्या आकाराच्या एखाद्या डोंगरांतून उसळला नाहीं. तो बव्हंशीं जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहून पसरला. थरावर थर चढत गेले आणि त्यांतून दख्खनचें पठार झालें. इतकी झीज होऊनही आज हा काळा खडक सुमारें पांच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांसमोर, वाघूर नदीच्या नालाकृति वळणावर उभें राहिलें, म्हणजे हे थर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक दिसतात. शिल्पकारांनीं जीं लेणीं कोरलीं, तीं या थंड झालेल्या अग्निप्रवाहांतच होत. खानदेशची कपाशी ज्या काळ्या जमिनींत पिकते, ती जमीनही याच खडकाच्या चुऱ्याची.

लाव्हा ज्या भेगांतून वर आला, त्यांतील कित्येक भेगा धुळें आणि नंदुरबार जिल्ह्यांत आजही पाहतां येतात. भेगेंतच थिजून राहिलेला लाव्हा आजूबाजूच्या खडकापेक्षां अनेक ठिकाणीं टणक ठरतो. भोंवतालची जमीन झिजून जाते आणि मागें एखाद्या पडक्या तटासारखी काळ्या दगडांची सरळ रांग उरते. शास्त्रज्ञ तिला डाइक म्हणतात. या दोन जिल्ह्यांत अशा दोनशेंहून अधिक डाइकांची नोंद झालेली असून त्यांतील सर्वांत लांब डाइक सुमारें 79 किलोमीटर लांबीची आहे. शेतकरी ह्या भिंती ओळखतो. कारण भिंत अभंग असेल तर ती जमिनीखालचें पाणी अडविते आणि तडकलेली असेल तर तेंच पाणी वाहून नेते, म्हणून विहिरीचें भाग्य पुष्कळदां तिच्यावर अवलंबून असतें. पण या भिंतींत आणखी एक गोष्ट लिहून ठेवलेली आहे. त्या बहुतेक सर्व पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य अशा, म्हणजे जवळजवळ तापीला समांतर आहेत. कापड उत्तर-दक्षिण ओढलें तर तें पूर्व-पश्चिम फाटतें. तेव्हां त्या काळीं खानदेशची भूमि उत्तर-दक्षिण ताणली जात होती, ही साक्ष या दगडी भिंती देतात.

तिसरा अध्याय दाबाचा, आणि तो अजून संपलेला नाहीं. हिमालयाशीं टक्कर झाल्यावर ताण गेला आणि त्या जागीं दाब आला. जो सांधा पूर्वीं उसवला होता, तोच आतां आवळला जाऊं लागला. या जुन्या भेगांच्या दोन्ही बाजूंची भूमि वरखालीं सरकली. मधला सातपुडा उंच राहिला आणि त्याच्या दोहों अंगांस नर्मदेचें व तापीचें खोरें खोल राहिलें. तोरणमाळच्या पठारावर काळा खडक समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंच आहे. आणि तोच काळा खडक तापीच्या मैदानांत कांहीं ठिकाणीं गाळाखालीं शेकडो मीटर खोल दडलेला आहे. एका वेळीं सपाट पसरलेला लाव्हा आज असा दोन मजल्यांवर कां, याचा विचार केला म्हणजे पाण्यानें झालेली झीज वगळूनही भूमीची हालचाल मान्य करावीच लागते. आरंभींच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर हेंच. तापीनें आपली वाट स्वतः निवडली नाहीं. सांधा खचून जी पन्हळ तयार झाली, तींतून ती वाहते, आणि गिरणा-पांझरा ज्या हांकेला ओ देऊन उत्तरेकडे वळतात, ती या पन्हळीचीच हांक होय.

याच घडामोडीनें खानदेशला संपत्तिही दिली. चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांत सातपुडा मैदानापासून एकदम भिंतीसारखा उठतो. त्याच्या पायथ्याशीं डोंगरांतल्या ओढ्यांनीं गोटे, वाळू आणि माती यांचे ढीग आणून टाकले. या पट्ट्यास बजाडा म्हणतात. पावसाचें पाणी तेथें झपाट्यानें मुरतें आणि खालच्या मैदानांतील विहिरींस मिळतें. रावेर-यावलच्या केळीच्या बागा या पाण्यावर उभ्या राहिल्या. उपसा मुरण्यापेक्षां अधिक होऊं लागल्यानें तेथील पाण्याची पातळी खोल गेली आहे. भूमीनें कोट्यवधि वर्षांत बांधलेलें हें कोठार एका-दोन पिढ्यांत रितें करूं नये, इतकेंच येथें म्हणणें पुरे. चोपडा तालुक्यांतच अडावदजवळ उनपदेव येथें ऊन पाण्याचा झरा आहे. शरभंग ऋषींची कथा त्याच्याशीं जोडलेली असून लोक तेथें श्रद्धेनें स्नान करतात. असें ऊन पाणी पाहिलें कीं जवळ ज्वालामुखी असावा असें वाटतें. पण तसा तो येथें नाहीं. पावसाचें पाणी भूमींतील खोल भेगांतून खालीं उतरतें. जमिनींत जितकें खोल जावें तितकी उष्णता वाढत जाते, साधारणपणें दर किलोमीटरास 25 ते 30 अंश सेल्सिअस. तेथें तापलेलें पाणी दुसऱ्या भेगेनें त्वरित वर आलें, म्हणजे तो ऊन झरा होतो. म्हणून ऊन झऱ्यांची रांग दिसली कीं तेथें खोलवर भेग आहे असें समजावें.

आणि ही भेग केवळ पाणीच तापवीत नाहीं. दिनांक 14 मार्च 1938 रोजीं सकाळीं सातपुड्यांत मोठा भूकंप झाला. त्या वेळीं जळगांवकडील प्रदेशास पूर्व खानदेश आणि धुळ्याकडील प्रदेशास पश्चिम खानदेश म्हणत. या भूकंपाचें मान 6.3 च्या जवळपास होतें आणि त्याचे हादरे फार दूरवर जाणवले. त्याचें उगमस्थान सुमारें 40 किलोमीटर खोल, कवचाच्या तळाशीं होतें, म्हणून त्या मानाच्या भूकंपानें एरवीं जी हानि होते ती टळली. याच पट्ट्याच्या पश्चिम टोंकास 23 मार्च 1970 रोजीं भडोचला, आणि पूर्वेकडे 22 मे 1997 रोजीं जबलपूरला भूकंप होऊन मनुष्यहानि झाली. कोयनेचा 1967 सालचा भूकंप यांत मिसळूं नये. त्याचा संबंध धरणाच्या जलाशयाशीं लावला जातो. परंतु बाकीच्या या घटना वेगवेगळ्या वर्षांच्या असल्या तरी एकाच सांध्याच्या आहेत. सांधलेलें मातीचें भांडें वर्षानुवर्षें नीट पाणी धरतें. पण बाहेरून दाब आला तर तें आधीं सांध्यापाशींच चिरतें. हिमालयाशीं चाललेला रेटा थांबलेला नाहीं, म्हणून या सांध्याचें कुरकुरणेंही थांबलेलें नाहीं.

हें ऐकून कोणीं भयभीत व्हावें असा हेतु नाहीं. भूपट्टांच्या सीमेवर वसलेल्या जपानांत किंवा हिमालयाच्या पायथ्याशीं जितका धोका आहे, तितका खानदेशांत नाहीं. भारतीय मानक संस्थेच्या 2002 सालच्या नकाशांत देशाचे चार भूकंप-विभाग केले होते. त्यांत तापीच्या खोऱ्याचा बराच भाग तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागांत दाखविला होता. तरीही निर्धास्त राहणें बरें नव्हे, आणि याचा धडा महाराष्ट्रानें फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत गणला जात होता. 30 सप्टेंबर 1993 रोजीं पहाटें चारच्या सुमारास, अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक झोपलेले असतांना, तेथें 6.2 मानाचा भूकंप झाला आणि सुमारें दहा हजार माणसें प्राणांस मुकलीं. त्यांतील बहुतेकांना भूमीनें मारलें नाहीं. त्यांच्या घरांनीं मारलें. मातींत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि माथ्यावर लाकडी तुळयांवर घातलेला मातीचा भारी थर, अशीं तीं घरें होतीं. भिंती हादरून दुभंगल्या आणि वरची माती निजलेल्यांवर कोसळली.

खानदेशांतील जुनीं धाब्याचीं घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना हें वर्णन ओळखीचें वाटेल. धाब्याचें घर उन्हाळ्यांत थंड राहतें, हा त्याचा मोठा गुण, आणि खानदेशच्या वैशाखांत त्याची किंमत कळते. परंतु गळती थांबविण्यासाठीं पावसाळ्यापूर्वीं धाब्यावर नवी माती घालण्याची रीत आहे. जुनी न काढतां नवी घालीत गेलें, म्हणजे तीस-चाळीस वर्षांत माथ्यावर नुसत्या मातीचा डोंगर होतो. ज्यांचें असें घर अजून राहतें आहे, त्यांनीं प्रथम वरची जादा माती उतरवावी. दोन पदरी दगडी भिंत असेल तर तिच्या दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार लांब दगड ठिकठिकाणीं घालून घ्यावे. नवें घर बांधतांना, मग तें विटांचें असो कीं दगडांचें, दारें-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना घेरणारी लोखंडी सळयांची सलग काँक्रीट-पट्टी घालावी. पिंपाला जसे कडे, तशी ती घराला असते. सिमेंटच्या खांबांचें घर असेल तर खांबांतील रिंगा जवळजवळ बांधून घ्याव्या, आणि खालचा मजला दुकानांसाठीं किंवा गाडीसाठीं नुसत्या खांबांवर मोकळा सोडण्यापूर्वीं जाणत्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा. या गोष्टींना लागणारा खर्च घराच्या एकंदर खर्चाच्या मानानें थोडा असतो. लग्नकार्यांत मांडवावर आपण जो खर्च करतों, त्याच्याशीं त्याची तुलना ज्यानें त्यानें मनाशीं करावी.

चाळीसगांवजवळ पाटण येथें एक प्राचीन शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, तेथें मठ स्थापिल्याचा उल्लेख त्यांत आहे. पृथ्वीला कोणी आधार दिलेला आहे, असें म्हणणाऱ्यांना भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत विचारलें होतें कीं आधाराला आधार कोणाचा, आणि त्याला पुन्हा कोणाचा? ऐकीव समजुतीवर न थांबतां पुढचा प्रश्न विचारावा, ही शिकवण खानदेशच्या मातींत अशी जुनी आहे. तापी पश्चिमेकडे कां वाहते, हाही त्याच जातीचा प्रश्न. त्याचा माग काढीत गेलें म्हणजे शंभर कोटि वर्षांपूर्वींचा सांधा, सागराचें शाळिग्रामांत उरलेलें रूप, धुळ्याच्या शिवारांतल्या काळ्या भिंती आणि आपल्या डोक्यावरचें धाबें हीं सर्व एका सूत्रांत ओंवलेलीं दिसूं लागतात. भूमीचें चालणें थांबविणें मनुष्याच्या हातीं नाहीं. परंतु ती चालते हें ओळखून घर बांधणें आणि तिनें सांठवलेलें पाणी जपून वापरणें, हें मात्र सर्वस्वी त्याच्याच हातीं आहे.